डाव्या पायातला ब्रेक

सन एकोणीसशे अडुसष्ट. मी बारा वर्षांचा होतो आणि चौथी झाल्यावर माझा नि शाळेचा संबंध कायमचा सुटला होता. त्या साली बारामतीच्या एका गॅरेजात मला जो पोरगा भेटला, तो पुढं माझ्या लेकीचा सासरा झाला. आज सत्तरीला टेकून मी छातीठोक लिहितो, की नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, बायकापोरांपेक्षा मोटारसायकलीचा जीव जास्त जपणारा माणूस माझ्या व्याह्यांशिवाय दुसरा झाला नाही. कुणाला दुसरा ठाऊक असेल तर त्यानं घेऊन यावा. मी पिंपळीत घरीच असतो.

तेव्हा ते हाफ चड्डीत होते आणि बाहीनं नाक पुसत होते, तरी लिहिताना मी त्यांना 'ते'च म्हणणार. लेक दिलीय त्यांच्या घरात. आमच्या उस्तादांचा नियम असा होता, की नव्या पोरानं पहिलं वर्ष पान्ह्याला हात लावायचा नाही. रॉकेलच्या घमेल्यासमोर उकिडवं बसायचं आणि सुटे भाग धुवायचे, बस्स. आम्ही दोघं घमेल्याच्या दोन अंगांना. मी भाग धुवून फडक्यावर आपटायचो. व्याही प्रत्येक नट धुवून, फुंकर मारून, लेकराला निजवावं तसा अलगद ठेवायचे. एकदा संध्याकाळी गॅरेज बंद व्हायच्या वेळेला एका बुलेटचं इंजिन उघडंच राहिलं. झाकायला जवळ फडकं नव्हतं. व्याह्यांनी अंगातला सदरा काढला, इंजिनावर पसरला आणि पौषातल्या थंडीत उघडे घरी गेले. त्यांच्या आईला वाटलं पोराला कुणी लुटलं. ती माउली आरडाओरडा करत गॅरेजात आली, तेव्हा उस्ताद तिला म्हणाले, "भाभी, तुजं पोरगं मिस्त्री व्हनार न्हाय. दाई व्हनार."

आणि झालेही तसेच. अंथुर्ण्याला स्वतःचं गॅरेज टाकल्यावर कुणी गाडी घेऊन आलं, की व्याही माणसाला 'या, बसा' म्हणायच्या आधी गाडीला म्हणायचे, "काय झालं गं बाय?" मालक सांगायला लागला की हात वर करून त्याला गप्प करायचे. "तुला न्हाय इचारलं." गाडी दुरुस्त झाली तरी लगेच न्यायची नाही, रात्रभर तिला पडवीत विश्रांती. एका लग्नघाईच्या गिऱ्हाइकानं फार तगादा लावला तर त्याला म्हणाले, "बाळंतीण दुसऱ्या दिवशी शेतात धाडतोस का? मग?" तो बिचारा एस. टी. नं गेला.

स्वतःच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात यांनी काय केलं ते ऐका. मामा म्हणून नवऱ्याच्या पाठीशी उभं राहायचा मान यांचा. भटजींनी घसा खाकरला, अंतरपाट धरला, आणि मामा कुठं? सगळा मांडव हुडकून झाला. मला ठाऊक होतं. मी सरळ मांडवाच्या मागं गेलो, जिथं वऱ्हाडाच्या गाड्या ओळीनं लावल्या होत्या. व्याही तिथं फेट्याच्या शेमल्यानं कुणाच्या तरी गाडीचा प्लग पुसत बसलेले. म्हणाले, "येवढ्या लांबनं लग्नाला आली, आन् हिला कुनी पानीसुदिक इचारलं न्हाय. खोकतीया बघा." ओढत नेलं त्यांना. त्यांनी भाच्याच्या पाठीवर मायेनं हात ठेवला. तो पांढऱ्याशुभ्र कोटावरचा काळा पंजा लग्नाच्या अल्बमात आजही आहे. भाचेसून रागानं ते पान चिकटवून टाकणार होती म्हणे, पण पुढं तिचीच स्कूटी बंद पडली आणि तिचा राग गेला.

आमचा सोयरसंबंध जुळला त्या दिवसापासून व्याह्यांनी एक नवीच पीडा सुरू केली. चाळीस वर्षं ज्या माणसानं मला 'आरं ए येड्या' यापलीकडं हाक मारली नव्हती, तो सुपारी फुटताच मला 'पाव्हणं' म्हणायला लागला. त्यांच्या दारात गेलो की खुर्ची, टॉवेल, पायावर पाणी. "पाव्हणं, च्या घ्या. पाव्हणं, आनिक घ्या." मला घास गिळेना. शेवटी मीच म्हणालो, ही काय थेरं? तर म्हणाले, "घरात सोयरा. कालव्याच्या पल्याड मैतर." आणि खरोखर तसंच. दर रविवारी सकाळी आम्ही चारपाच म्हातारे आपापल्या जुन्या गाड्या काढून फिरायला निघतो. कालव्याच्या पुलापर्यंत "पाव्हणं, जपून, खड्डा हाय." पूल ओलांडला की पुढून आरोळी, "आरं ए येड्या, गेर बदल की, कशाला रडवतोस तिला!" मला फार बरं वाटायचं, ते मी कधी त्यांना दाखवलं नाही.

हे रविवारचं फिरणं म्हणजे पोरांसारखं रस्त्यावर उडणं नव्हे. व्याह्यांचा काटा चाळिसाच्या वर गेलेला मी पाहिला नाही. सुप्याकडं निघालो, की मयूरेश्वरच्या माळावर चिंकारा हरणं चरत असतात. ती दिसली की व्याही इंजिन बंद करून गाडी ढकलत चालायचे, आणि आम्हालाही ढकलायला लावायचे. "त्येंच्या दारात आलोय आपुन. आवाज करत येत्यात व्हय कुनाच्या दारात?" उन्हातान्हात आम्ही म्हातारे धापा टाकत अवजड लोखंड ढकलतोय आणि हरणं आमच्याकडं मान वर करून बघतायत. ती माणसाला भिणारी हरणं, पण आम्हाला पाहून एकही कधी पळालं नाही. दया आली असेल.

तर अशा माणसाला मागच्या पावसाळ्यात डॉक्टरनं उजवा गुडघा बदलायला लावला. ऑपरेशन चांगलं झालं, चालायला लागले, पण किक मारायची कायमची बंदी. जुन्या बुलेटची किक उजव्या पायाची, आणि ती उलटी आली तर धडधाकट माणसालाही उडवते. माझ्या जावयानं, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलानं, बापासाठी हौसेनं नवी गाडी आणली. हलकी, देखणी, बटणावर चालू होणारी. व्याह्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बटण दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही गाडी न्हाय, मिक्सर हाय. चटनी वाटायला सूनबाईला द्या." महिनाभर तिला हात लावला नाही. संध्याकाळी गोठ्यात जाऊन, म्हशीशेजारी उभ्या केलेल्या जुन्या गाडीवर नुसते बसून यायचे. पण रविवार काही कुणाला सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मिक्सरवर बसून, कुणाकडं न बघता, ते पुलापाशी येऊन उभे राहिले.

त्यानंतर दोनतीन रविवार बरे गेले. मग लासुर्ण्याच्या अलीकडं, ऊस भरलेला ट्रॅक्टर शेतातून एकदम रस्त्यावर आला. मी मागंच होतो. व्याह्यांनी सगळा जोर लावून डावा पाय दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरली, डोकं फिरल्यासारखी वाकडी झाली आणि त्यांना घेऊन सरळ शेजारच्या उभ्या उसात शिरली. नशीब, ऊस दाट होता. आम्ही पळत गेलो तर व्याही पाचटातून बाहेर येत होते. टोपी नाही, कोपर खरचटलेलं, बाकी धड. माझ्याकडं बघून म्हणाले, "ब्रेक मारला व्हता मी. तिनं ऐकला न्हाय." आवाज असा काही होता, की चेष्टा सोडून मी पाचटात त्यांची टोपी हुडकायला लागलो.

काय झालं होतं ते मला जागेवर कळलं. आमच्या काळच्या बुलेटचा गेर उजव्या पायाला असतो आणि ब्रेक डाव्या पायाला. आताच्या सगळ्या गाड्यांचं नेमकं उलटं. हातानं दाबायच्या पुढच्या ब्रेकला तर आमच्या पिढीनं कधी ब्रेक मानलंच नाही. निवांत चालवताना माणूस ध्यानात ठेवतो. पण समोर ट्रॅक्टर आला की ध्यान कुठं राहतं? तिथं पाय आपला आपण धावतो. व्याह्यांच्या डाव्या पायानं पन्नास वर्षांचं इमान राखलं आणि ब्रेक समजून गेर दाबला. म्हातारपणाचा इथं काडीचा संबंध नाही.

पण घरच्यांना हे कोण सांगणार? जावयानं किल्ली खिशात घातली. "तात्या, आता बास. वय झालं. उद्या संध्याकाळी ही गाडी शोरूमवाला परत न्यायला येतोय." माझा जावई वाईट नाही हो. बापाचं खरचटलेलं कोपर त्यानंच धुवून पुसलं, ते मी पाहिलं. व्याही मात्र भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले आणि हळूच म्हणाले, "खरं हाय त्याचं. पाय गेलं माजं." गाडी गेली तर गेली. पण या माणसाला वाटायला लागलं होतं, की ज्या हातापायांवर तो जन्मभर जगला तेच फितूर झाले. अशी समजूत एकदा घरात शिरली, की माणूस वर्षभरातच अंथरूण धरतो.

मी मुलीचा बाप. लेक दिल्यापासून त्या घरात 'बरं', 'हो' आणि 'येतो' याशिवाय चौथा शब्द बोललो नव्हतो. आमच्यात तशी रीत आहे आणि मी रीत मोडणारा माणूस नाही. हातातला चहा संपवला. कप खाली ठेवला. तेवढ्यात लेक स्वयंपाकघराच्या दारात आली. मग म्हणाली, "आप्पा, तुमाला ठावं हाय न्हवं काय झालं ते? मग बोला की!"

बोललो. "जावईबापू, तुमच्या वडलांचा पाय गेला न्हाय. पायाची जुनी सवय ऱ्हायलीय." आणि सगळं समजावून सांगितलं. जावयानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मान्य हाय, आप्पा. पन पुढच्या बारीला ट्रॅक्टर आला, तर पाय कुनाला इचारून दाबनार?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "पायाला नवं शिकवायचं. मी शिकवतो. उद्या संध्याकाळपतूर शिकलं न्हाईत, तर किल्ली मीच तुमच्या हातात आनून दीन, आन् परत कवा तोंड उघडनार न्हाय."

खाटेवर हालचाल झाली. व्याही भिंतीकडून वळले, ताठ बसले. "पाव्हणं," एक एक शब्द तोलून म्हणाले, "तुमी, मला, गाडी शिकवनार?"

"व्हय."

"तालुक्यातल्या निम्म्या पोरांना मी शिकवलीया."

"म्हंजी निम्म्या तालुक्याचा ब्रेक डाव्या पायात हाय."

लेक पदर तोंडाला लावून आत पळाली. जावई खिडकीतून बाहेर बघायला लागला. व्याह्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, "आन् ह्यो उजवा गुडघा? त्यो तर नवा, परका."

"मग झ्याकच की," मी म्हणालो. "नव्या गुडघ्याला जुन्यातलं काय म्हायती? त्यो कोरा हाय. डाव्याला तेवढं इसरायला लावायचं."

जावयानं किल्ली खिशातून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. बापाच्या नाही, माझ्या. म्हणाला, "उद्या संध्याकाळपतूर, आप्पा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपळीहून लवकर निघालो. अंथुर्ण्याच्या आठवडे बाजाराचं मैदान बाजार नसला की मोकळं असतं आणि त्याला थोडा उतार आहे. व्याही कानटोपी घालून आधीच येऊन उभे होते. मी त्यांना गाडीवर बसवलं, इंजिन चालूच केलं नाही. मागून ढकलायचं, आणि मी 'थांब' म्हणालो की त्यांनी पायानं थांबवायचं, एवढाच धडा. पहिल्या खेपेला डावा पाय. दुसऱ्या खेपेला डावाच. वर "हितं ब्रेक पायजे व्हता, ह्येंनी चोरला," असं गाडी बनवणाऱ्यांच्या नावानं पुटपुटणं. टपरीवाला चहा उकळायचा सोडून बघत राहिला. माझा दम लागला, त्यांचा राग वाढला, उन्हं वर आली. ढकलताना माझ्यासमोर त्यांची पाठ होती. ती वाकली आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. एवढी वर्षं मी त्यांच्या मागंच गाडी चालवत होतो, तरी.

पुन्हा एकदा ढकललं. उतारावर गाडीनं वेग घेतला, मी हात सोडले आणि ओरडलो, "थांब!" डावा पाय थरथरला, पण खाली गेला नाही. उजवा गेला. गाडी धूळ न उडवता जागच्या जागी उभी राहिली. व्याह्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी त्यांच्या मागं उतरून गेलो, गाडी धरून वळवली, आणि पुढच्या खेपेसाठी दोघं मिळून ती पुन्हा चढावर ढकलत न्यायला लागलो.