अडथळ्याची व्याख्या

लातुरात माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे आणि तिथे मी व्याख्या शिकवते. गाडी शिकायला आलेल्या पोरींना त्याचा फार कंटाळा येतो. लर्निंगची परीक्षा आता कम्प्युटरवर असते, बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की झालं, मग हे पाठांतर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी ऐकत नाही. पादचारी म्हणजे काय? रस्त्यावरून पायी जाणारा माणूस. कुठला, कुणाचा, चांगला की वाईट, हे व्याख्येत नाही. पायी आहे एवढं पुरे, त्याला आधी जाऊ द्यायचं. चौक म्हणजे काय, उभं वाहन म्हणजे काय, कडेची पांढरी रेघ कशासाठी असते? हे सगळं घोकून झालं की शेवटी विचारायचं, अडथळा म्हणजे काय?

अडथळ्यासाठी माझ्या टेबलावर एक दगड असायचा. फुटलेल्या जात्याचा अर्धा भाग, अर्ध्या भाकरीच्या आकाराचा, पण परातीएवढा मोठा आणि चांगला जाडजूड. मधल्या भोकाची अर्धी खाच, आणि वरच्या बाजूला टाकीने कोरलेलं एक फूल, तेही अर्धंच. टेबलाचं फळकूट त्याच्या वजनाने वाकलं होतं. येणारेजाणारे विचारायचे, मॅडम, हे काय मध्येच? मी म्हणायची, शिकवायला ठेवलंय. ते खोटं होतं. तो दगड मी सूड उगवायला ठेवला होता.

माझा मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर होता. नांदेड-लातूर त्याच्या पायाखालचा रस्ता. कधी माहूरची फेरी लागली आणि तिथल्या घाटातून भर पावसात गाडी काढली तरी मागची माणसं घोरत असायची, आणि तो त्याला सगळ्यात मोठी पावती मानायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. मला गाडी त्यानेच शिकवली. क्लच सोडताना माझा पाय थरथरला की म्हणायचा, "घाई कुणाला हाय? रस्ता कुठं पळून चाललाय?"

उसाच्या हंगामात एकदा तो सुट्टीवर होता. बिलोलीकडच्या आमच्या गावाहून मोटारसायकलवर लातूरला येत होता. अहमदपूर मागे पडल्यावर, दिवेलागणीला, रस्त्याच्या मधोमध पडलेल्या या दगडावर त्याचं पुढचं चाक गेलं. डावा पाय मांडीपासून गुडघ्यापर्यंत मोडला. ज्या पायाने क्लच दाबायचा, तो.

दगड तिथे कसा आला, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. दुपारी एका ऊसवाल्याच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ट्रॉली रस्त्यातच उभी, म्हणून चाकामागे दगड लावला, भोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या. संध्याकाळी दुरुस्ती झाली, फांद्या पायाने बाजूला सारल्या आणि ट्रॅक्टर निघाला. दगड राहिला. आपल्याकडे ही रीतच आहे. गाडी हलेपर्यंत दगड फार मोलाचा, आणि गाडी हलली की तो कुणाचाच नाही. ट्रॉली कुणाची, हे मला अपघाताच्या जागेसमोरच्या चहावाल्याने सांगितलं, पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्याने हात झटकले.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की चालक स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पडला. मी ठाण्यात जाऊन भांडले. तिथले जमादार तसे भले होते. त्यांनी मला समजावलं, "ताई, तिथं गाडी असती तर गाडीवर गुन्हा नोंदवला असता. गाडी तर गेली. आता ह्या दगडाला वाहन म्हणता येत न्हाई ना. व्याख्येतच बसत न्हाई." दगड त्यांना नकोच होता. मी तो ऑटोत घालून घरी आणला.

मग मी त्या ट्रॉलीवाल्याच्या घरी गेले. लातूरच्या कडेलाच त्याचं घर आहे. तो ओट्यावर चहा पीत होता. मला बस म्हणाला नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दगडावर काय माझं नाव लिहिलंय? तुमच्या भावानं बघून चालवायला पाहिजे होतं. एसटी कशी हाकत होता कुणास ठाऊक."

पाय मोडला त्याचं दुःख होतं, पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती या शेवटच्या वाक्याने. ते वाक्य डेपोपर्यंत पोचलं. भावाला बसून करायचं काम दिलं, ते त्याने थोडे दिवस केलं आणि सोडलं. मग माझ्या स्कूलमध्ये येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसू लागला. काठी भिंतीला टेकवून पोरींना गिअर समजावून सांगायचा. आणि मध्येच, चहा पिताना, काहीही विषय नसताना विचारायचा, "बाई, मीच नीट बघितलं न्हाई का गं?" त्याच्यासारखा ड्रायव्हर स्वतःवरच शंका घेऊ लागला, हे मला सहन होत नव्हतं. मला त्या माणसाच्या तोंडून एकच गोष्ट हवी होती. दगड माझा होता, एवढं त्याने माझ्या भावासमोर म्हणायला हवं होतं.

ते तो म्हणणार नाही हे दिसत होतं, म्हणून मी माझ्या परीने उट्टं काढायला लागले. प्रत्येक बॅचला अडथळा शिकवताना मी त्या दगडावर हात ठेवायची आणि सगळी हकिकत सांगायची. त्या माणसाचं नाव, गाव, ट्रॉलीचा रंग, सगळं. लातुरातल्या कितीतरी स्कुट्या त्याचं नाव शिकून रस्त्यावर आल्या. भाऊ म्हणायचा, "बास कर आता." मी म्हणायची, अभ्यासक्रमात आहे. मला त्यात मजा येत होती, हे मी लपवणार नाही.

गेल्या हंगामात नवी बॅच सुरू झाली त्या दिवशी समोर एक जीप थांबली आणि तिच्यातून एक मुलगी उतरली. कॉलेजातली, मैत्रिणीच्या ओळखीने आलेली. जीप चालवणारा खाली उतरला नाही, पण काचेतून मी त्याला ओळखलं. तोच. त्याने पाटीकडेही पाहिलं नाही, वळवून निघून गेला.

मला आनंद झाला. देवाने घरपोच पाठवली, असंच वाटलं. मी ठरवलं, अडथळ्याच्या दिवसापर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. मुलगी हुशार निघाली. व्याख्या धडाधड म्हणायची, भावाला सर म्हणायची, त्याची काठी घसरली की उचलून द्यायची. मी मात्र बधले नाही. तिच्या बापाचं नाव तिच्यासमोर, सगळ्या वर्गासमोर कसं उच्चारायचं, याची उजळणी मी पोळ्या लाटताना करत होते.

तो दिवस आला. भाऊ कोपऱ्यात बसला होता. मी दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "अडथळा म्हणजे रस्त्यावर ठेवलेली आणि जाताना न उचललेली वस्तू." पुढचं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात ती मुलगी उठून जवळ आली, फुलावरून बोट फिरवलं आणि हसून म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या आजीचं जातं हाय! ह्याचा दुसरा तुकडा आमच्या न्हाणीपुढं हाय, आम्ही त्याच्यावर पाय घासतो. ह्या फुलाचं अर्धं त्याच्यावर हाय. हे तुमच्याकडं कसं आलं?"

मला हवा होता त्यापेक्षा मोठ्या पुराव्यानिशी ती उभी होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

भाऊ कोपऱ्यातून म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं नाही. एक एक करून सगळं सांगितलं. पाटा तुटलेली ट्रॉली, फांद्या, चाक, पाय. फक्त नाव घेतलं नाही, त्याची गरज उरली नव्हती. ती सरांच्या पायाकडे बघत राहिली. मग तिने दप्तर उचललं आणि निघाली. दारात तिला मी म्हणाले, "घरी विचार." तिच्या तोंडाकडे बघून क्षणभर मला कसंतरी झालं, पण शब्द परत घ्यावा असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. तो एकटाच आला. वर्ग चालू होता. दारातूनच ओरडला, "माझ्या लेकीला काय शिकवून राहिल्या तुम्ही? कालपासून घरात माझ्याशी बोलंना. न्हाणीपुढचा दगड लोटत आणून माझ्या ताटापुढं ठेवला तिनं!"

मी म्हणाले, "मग काय सांगितलं तुम्ही तिला?"

तो टेबलावरच्या दगडाकडे बघू लागला.

"मला नका सांगू," मी म्हणाले. "त्यांना सांगा." आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

त्याने भावाकडे पहिल्यांदाच पाहिलं. काठीकडे, ताणून ठेवलेल्या पायाकडे. मग टोपी काढून हातात घेतली. "हाव दादा," तो म्हणाला. "माझाच होता. कारखान्यावर रांगेतला नंबर जाईल म्हणून घाई केली. दगड ध्यानात आला होता, पर माघारी फिरलो न्हाई. तुमची चूक न्हवती."

ध्यानात आला होता. हे मलाही माहीत नव्हतं. मी भावाकडे बघितलं. तो मान खाली घालून हाताने गुडघा चोळत होता, आणि त्याचे खांदे हळूहळू सैल झाले. त्याने एवढंच म्हटलं, "मला वाटलं, मीच बघितलं न्हाई."

माझ्यासाठी एवढं पुरायला हवं होतं. नाही पुरलं. त्या माणसाने विचारलं, "ताई, आता तरी दगड द्या. आईचा हाय."

"न्या," मी म्हणाले. "उचला."

त्याला वाटलं कुणीतरी हात लावेल. दोन पोरी उठल्यासुद्धा, मी त्यांना नजरेने खाली बसवलं. तो दगड मी आणि ऑटोवाल्याने मिळून उचलला होता. त्याने एकट्याने पोटाशी धरला, पायऱ्या उतरला, आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबला. ऊसतोडीचे दिवस, समोरून ट्रॅक्टर, ऑटो, कॉलेजच्या बसेस, कुणी थांबायला तयार नाही. दगड घसरला की तो गुडघ्याने वर ढकलत होता. मी दारात उभी राहून बघत होते. थांबू दे, म्हणत होते. त्या संध्याकाळी उचलायचा होता तो दगड, आज जरा धरून बघू दे.

माझ्या मागे काठी वाजली. भाऊ मला ओलांडून पायऱ्या उतरला, लंगडत सरळ रस्त्यात गेला आणि हात वर करून उभा राहिला. तळवा वाहनांकडे, कोपर ताठ, पुस्तकात असतो तसा. ट्रॅक्टर थांबला, त्यामागे बस थांबली. तो माणूस दगड घेऊन त्याच्यासमोरून पलीकडे गेला.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एक पोरगी माझ्या शेजारी येऊन उभी होती. तिने विचारलं, "मॅडम, सर त्या माणसासाठी ट्राफिक का थांबवून राहिले?"

वर्गाची बाई मी होते, उत्तर मलाच द्यावं लागलं.

"पादचारी आहे तो," मी म्हणाले.