माझ्या आधी कामावर पोचलेली मी

मी केमिस्ट्रीची पदवीधर. आमच्या बंजारा तांड्यावर कुणाला काही ‘दिसलं’ की आधी त्याचा ताप बघा म्हणणारी मीच. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच महिने गेले... पण इथे तुम्ही लिहिलेले असे अनुभव वाचते, आणि माझ्या डोक्यातून ही गोष्ट काही जात नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगते.

यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. आलेल्या तुरीतला ओलावा तपासायचा, तयार डाळीचे नमुने बघायचे. आयुष्यातली पहिली नोकरी. सोमवारी जॉइन व्हायचं होतं, आणि त्याच्या आदल्या रात्री बाबांना सडकून ताप भरला. सोमवारी सकाळी मी आणि काका त्यांना घेऊन उमरखेडच्या दवाखान्यात. तिथूनच मिलच्या मॅनेजरसाहेबांना फोन केला.

“पहिल्याच दिवशी सुट्टी?” एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, “ठीक आहे, उद्या या.”

तो आवाज दिवसभर कानात होता. सलाईनच्या बाटलीकडे बघत बसले होते, पण मन सगळं लोहाऱ्यात — आत्ता गेटवर असते, आत्ता मशीन दाखवत असते मला... झोप लागली होती का, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. काकाशी बोलत होते, चहा आणायला दोनदा खाली जाऊन आले.

संध्याकाळी ताप उतरला, आम्ही घरी आलो. आई शिलाई मशीनवर बसली. पहिल्या दिवसासाठी ती माझा कुर्ता शिवत होती — मोहरीच्या रंगाचा, गळ्याला हिरवी पट्टी. बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, त्या तिने जेवणाआधी लावल्या. तोच घालून मंगळवारी पहाटेची एसटी धरली. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते.

मिलच्या गेटवर वॉचमनकाका उठून उभे राहिले.

“या मॅडम! काल चायही न घेता गेल्या तुमी.”

“काल? काका, मी आजच येऊन राह्यली.”

ते हसले. मला वाटलं, माणूस चुकला असेल. आत गेले तर पोती शिवणारे दोघं काम थांबवून बघायला लागले. आणि पाखडणीकडून एक वयस्क बाई जवळजवळ धावतच आली. सोनीबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली.

“काल तू नसती त माहा हात गेला असता व माय!”

झालं होतं ते असं. सोमवारी दुपारी सोनीबाईचा पदर डाळ पुढे नेणाऱ्या मशीनच्या फिरत्या पट्ट्यात अडकला. मशीनच्या आवाजात तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. तेवढ्यात एका मुलीने मागून तिच्या कंबरेला मिठी मारून तिला खेचलं. पदर फाटला, बाई वाचली. लोक जमेपर्यंत मुलगी निघून गेली. वॉचमनकाकांनी विचारलं तेव्हा ‘लॅबमध्ये नवीन आहे’ म्हणाली.

“पण मावशी, मी नव्हते,” मी म्हटलं. “काल मी दवाखान्यात होते, उमरखेडला.”

“हाच कुर्ता होता. हीच हिरवी पट्टी.” मग तिने आवाज खाली केला. “आन तू मले याडी म्हणून हाक मारली. इथं कोण म्हणते मले याडी?”

आमच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. सोनीबाईही आमच्यासारखीच तांड्यावरची, पण हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आणि त्या दुपारी माझ्या कुर्त्याला बाह्याच नव्हत्या!

मॅनेजरसाहेब सोमवारी नागपूरला होते. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, “मॅडम, येणार नाही म्हणून फोन केला, मग आल्या काहून? आन आल्या, तर सांगायचं तरी.”

मी दवाखान्याचे कागद समोर ठेवले. त्यांनी ते वाचले, परत वाचले, मग कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. पट्ट्याकडे जाणारी एक मुलगी... पूर्ण बाह्यांचा मोहरी कुर्ता, एक वेणी, पाठमोरी. चेहरा कुठेच नाही. परत जाताना मध्ये पोत्यांची थप्पी आली. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. गंमत बघा — आपण आपली पाठ कधी पाहिलेलीच नसते! मला सांगताच येईना. मोबाईलवर त्या स्क्रीनचा फोटो काढून आईला पाठवला. तिचा लगेच फोन : “तू चालताना डावा खांदा उतरवतेस, किती वेळा सांगितलं?”



साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाले, “हे राहू द्या. काम सुरू करा.” मी म्हटलं, “सर, आधी त्या पट्ट्याला जाळी बसवा.” नव्या पोरीने पहिल्या दिवशी असं बोलणं म्हणजे आगाऊपणाच. पण दारात सोनीबाई उभी होती, मागे पोती शिवणारे. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फिटरला हाक मारली. जाळी त्याच दिवशी लागली.

कुणी म्हणतं माझ्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी असेल. असेलही. मी एमआयडीसीतल्या ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, तांड्यांवर विचारलं. कुणी सापडलं नाही. काकाला विचारलं, त्या दुपारी मी खरंच तुझ्याजवळ होते ना? तो चिडला.

सोनीबाईला पटायला खूप दिवस लागले. मागच्या महिन्यात डबा खाताना ती एकदम थांबली.

“म्हणजे ते तू नव्हतीच?”

“नाही, मावशी.”

तिने हातातला घास परत डब्यात ठेवला.

“मंग तिले त कोनीच काही म्हटलं नाही व,” ती म्हणाली. “एवढं केलं तिनं, आन पाणीबी नाही विचारलं कोनं.”