लुसियाँ आणि त्यांचा अमेरिकन

रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कोणीतरी एकटंच माइकशी बोलतंय आणि हेडफोनमुळे त्याचा श्वाससुद्धा मला ऐकू येतोय, म्हटल्यावर ते आपोआप साठतात! सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या आमच्या छोट्याशा स्टुडिओत असे ढीगभर साठलेत. पण मित्रमंडळी जमली की फर्माईश एकच, "लुसियाँचे सांग!"

लुसियाँ म्हणजे सत्तरीचे फ्रेंच नट. मुलगी इथे नोकरीला, म्हणून सिंगापूरला येऊन राहिलेले. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आजवर काय काय केलंत?"

"नाटकात राजा, सिनेमात प्रेत आणि डबिंगमध्ये अमेरिकन."

"प्रेत?"

"पोलिसांच्या सिनेमांत मी सुरुवातीलाच मरायचो. मग शेवटपर्यंत सगळे माझ्याबद्दलच बोलायचे. याहून चांगला रोल असतो का?"

*

अमेरिकनाचं प्रकरण मात्र खरं. फ्रान्समध्ये परदेशी सिनेमे फ्रेंचमध्ये डब होतात आणि बड्या नटाचा आवाज बहुतेक वेळा ठरलेला असतो. हॉलिवूडच्या एका नटाचा आवाज म्हणजे लुसियाँ. तो तिकडे म्हातारा झाला, हे इकडे. दोघं कधी भेटलेलेसुद्धा नाहीत! "पण त्याला सर्दी झाली की मला कळतं," असं ते सांगायचे.

त्या वर्षी त्या नटाचा नवा सिनेमा आला आणि पॅरिसहून निरोप आला, या वेळी टेस्ट घेणार, तरुण आवाजही ऐकणार. ज्याच्या तोंडून उभा जन्म बोलले, त्याच्यासाठी परीक्षा? मी भडकले. लुसियाँ शांत.

"हा अमेरिकन हातचा गेला तर मी नुसतं प्रेत उरेन," एवढंच म्हणाले.

*

आईने त्यांना हौगांगच्या आमच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. बाबा चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतात. जगातली माणसं पर्मनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाली अशी दोनच प्रकारची, अशी त्यांची समजूत. पुरणपोळीवर तूप पडायच्या आत त्यांनी विचारलंच, "मिस्टर लुसियाँ, तुमचा जॉब पर्मनंट आहे का?"

मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

"अमेरिकन पर्मनंट आहे," लुसियाँ म्हणाले. "मी कॉन्ट्रॅक्टवर."

बाबांना हे उत्तर भलतंच पटलं. पाहुणे गेल्यावर म्हणतात कसे, "माणूस सरळ आहे. पण दुसऱ्याच्या तोंडाला आवाज द्यायचा, हे काय करिअर?"

"आणि तुम्ही दुसऱ्याच्या बँकेला सॉफ्टवेअर देता, ते?"

"भांडी आत ने," आई म्हणाली. आमच्या घरात वाद असेच संपतात.

*

टेस्टची तारीख ठरेपर्यंत किरकोळ कामं चालूच होती. एका मॉलच्या लिफ्टसाठी फ्रेंचमध्ये एकच वाक्य हवं होतं, "दार बंद होत आहे." चुटकीसरशी व्हायचं काम!

लुसियाँनी कागद खाली ठेवला. "हे कोण बोलतंय? आत कोण आहे? बाहेर कोण राहिलंय?"

आमची सिंगापुरी बॉस जोसलिन, जिच्या वाक्यांना 'ला'ची शेपटी असतेच, काचेवर टकटक करत ओरडली, "लिफ्ट बोलतेय, ला! लिफ्ट!"

"ते कळलं. पण तिला दार बंद करायचंय का?"

अखेर त्यांना हवं तसं त्यांनी ते म्हटलं. पुढच्याच आठवड्यात मॉलमधून फोन. "बाकीच्या भाषा छान आहेत. पण फ्रेंच लागलं की लोक दार धरून उभे राहतात!"

*

गणपतीत आमच्या मराठी ग्रुपचं नाटक होतं. हीरो माझे बाबा, हिरॉइन त्यांच्याहून मोठ्या. आम्हा तरुणांना काय काम? खुर्च्या लावणं! पाठांतराला हीरो-हिरॉइन दोघांनाही वेळ नव्हता, त्यामुळे सगळी भिस्त विंगेतल्या प्रॉम्प्टरवर, म्हणजे कुलकर्णी काकांवर. काकांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. लुसियाँ पहिल्या रांगेत, डोळे विस्फारून.

नाटक संपल्यावर बाबा मेकअपसकट धावत आले. "कसं वाटलं?"

"अप्रतिम डबिंग! ते विंगेतले गृहस्थ एकटे सगळ्यांचे आवाज देतात! फक्त स्टेजवरच्यांनी ओठ थोडे वेळेवर हलवायला हवेत."

बाबा मेकअप उतरवायला निघून गेले. कुलकर्णी काका मात्र अजूनही स्वतःला व्हॉइस आर्टिस्ट म्हणवतात.

*

मग टेस्ट. सीन साधाच. म्हातारा मुलाला फोन करतो, मुलगा उचलत नाही, म्हातारा निरोप ठेवतो. लुसियाँनी खुर्ची बाहेर काढायला लावली, आवाज नको म्हणून बूट आणि घड्याळ काढलं, आणि मोज्यांवर उभे राहिले. लाइनवर पॅरिसचा तरुण डिरेक्टर. त्याचं एकच पालुपद, "अजून तरुण!"

"पण तो तरुण नाहीये. बघा ना त्याच्याकडे."

"प्रेक्षकांना तो तरुण हवाय."

मी पॅरिसला ऐकू जाणारा माझा माइक बंद केला आणि मराठीत दोन शेलके शब्द मोकळे केले.

"काय म्हणालीस?" लुसियाँनी विचारलं.

"काही नाही. परत घेऊ या."

त्यांनी परत केलं. पण आवाज तरुण केला नाही. फक्त "मी बोलतोय" म्हणायच्या आधी थांबून एक श्वास घेतला. एडिटिंगमध्ये तो काढून टाका, अशी पॅरिसची सूचना होती. मी ठेवला.

*

निकालाची फाइल आली तेव्हा बाबा स्टुडिओतच होते, ग्रुपच्या कोजागिरीची अनाउन्समेंट रेकॉर्ड करायला. सोबत निरोप, "निवडलेला आवाज, सिनेमाच्या संगीतासह. तुमच्या नटाला ऐकवा." नाव काही नव्हतं. जोसलिनने फाइल स्पीकरवर लावली.

निकाल ऐकायला आलेले लुसियाँ डोळे मिटून बसले. व्हायोलिनं वाजली, फोनची रिंग वाजली, आणि पुढचा, मी ठेवलेला तोच श्वास ऐकताच मी उडालेच! बाबांकडे पाहिलं. त्यांनीही लुसियाँचा आवाज ओळखला होता.

"चांगला आहे," लुसियाँ म्हणाले. "घाई करत नाही. त्यांनी योग्य माणूस निवडला."

"अहो लुसियाँ, हे तर..." मी सुरुवात केली, तर बाबांनी माझा हात दाबला.

"वय काय असेल याचं?" लुसियाँनी विचारलं.

"तुमच्याएवढंच," बाबा म्हणाले.

"छे, शक्यच नाही," लुसियाँ म्हणाले, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.