कौमुदीची राखाडी पावलं

कौमुदीच्या स्वप्नात पावलं यायची. नुसती पावलं, वर थोडीशी पोटरी आणि मग काहीच नाही. राखाडी रंगाची, स्वतःभोवती सावकाश फिरणारी. कधी ती तिच्या घराजवळच्या, टार्निटच्या माळावर, विजेच्या उंच मनोऱ्यांखालून, वाळक्या गवतातून चालत असायची. कधी साताऱ्याच्या घरी ओट्यावर ओळीने बसलेली असायची आणि आई त्यांना विचारत असायची, "चहा टाकू का?"

सकाळी ती हे हृषीकेशला सांगायची. नवरा डबा भरता भरता म्हणायचा, "माझ्या स्वप्नात बॉस येतो. तुझं बरंय. पावलं निदान मीटिंग तरी लावत नाहीत."

पण ती पावलं कुणाची ना कुणाची तरी होती. लॅव्हर्टनला, गोदामांच्या एका लांबलचक रस्त्यावर, कौमुदी ज्या वर्कशॉपमध्ये कामाला होती तिथे लहान मुलांच्या पायांचे स्प्लिंट बनत. कुणाची टाच टेकत नाही, कुणाचं पाऊल आत वळतं. अशा मुलांसाठी पोटरीपासून बोटांपर्यंत पायाला धरून ठेवणारं, बुटात घालायचं प्लास्टिकचं कवच. मुलाच्या पायाचा स्कॅन कौमुदीच्या कॉम्प्युटरवर राखाडी पाऊल होऊन उघडायचा. ती ते फिरवून फिरवून बघायची. घोट्याच्या हाडापाशी थोडी जागा सोडायची, टाचेशी किंचित आवळायची आणि कोरायच्या मशीनकडे पाठवायची. मशीन फोमच्या ठोकळ्यातून हुबेहूब तसंच पाऊल कोरून काढायचं. त्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवलं की झालं.

ती साताऱ्याहून या परक्या देशात आली होती इंटिरिअर डिझाइन शिकायला. घरं सजवायची म्हणून आली आणि पावलांत रमली. सुरुवातीला फोनवर इंग्रजीत बोलायचं ती टाळायची; समोरचा माणूस "सॉरी, काय म्हणालीस?" म्हणाला की ती वाक्य अर्धवटच सोडून द्यायची. पण पावलांचा तो प्रोग्रॅम तिला कधी पुन्हा विचारायचा नाही. त्याची बटणं जुनाट होती, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, तरी तो गुमान चालायचा. बाहेर माळावरचा वारा पत्र्यांना झोंबत असायचा आणि आत ती एखाद्या चार वर्षांच्या मुलाची टाच निरखत बसलेली असायची. मूल वाढलं की नवं पाऊल यायचं. जुनं त्याच्या आत ठेवून बघितलं की पाण्यातल्या तरंगांसारखं दिसायचं. ते बघताना तिची तंद्री लागायची. वर्कशॉपचा मालक रॉस चहाचा मग तिच्या टेबलावर ठेवून हळूच निघून जायचा.

त्या वर्षी कॉम्प्युटरवर सारखी एक निळी पाटी येऊ लागली. जुन्या सिस्टमचे दिवस भरत आलेत, नवी घ्या. कौमुदी दर वेळी 'नंतर आठवण कर' दाबायची. रॉसला विचारलं तर तो म्हणाला, "तुला बरा दिवस वाटेल तेव्हा कर, मेट."

आता, बरा दिवस म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार?

दसऱ्याला ती दरवर्षी ऑफिसच्या कॉम्प्युटरची पूजा करायची. हळदकुंकवाचं बोट, झेंडू मिळत नाही म्हणून शेजारणीच्या कुंडीतली पिवळी डेझी. रॉस त्याला कॉम्प्युटरचा बर्थडे म्हणायचा आणि आपल्या मशीनलाही टिळा लावून घ्यायचा. त्या वर्षीही दसऱ्याच्या दुपारी पूजा झाली आणि निळी पाटी पुन्हा आली. साडेतीन मुहूर्तांतला एक, पंचांग बघायचंही कारण नाही. कौमुदीने 'हो' दाबलं.

नवी सिस्टम सुरेख दिसत होती. मऊ कोपरे, मागे तळ्याचं चित्र. मग कॉम्प्युटरनेच विचारलं, जुन्या सिस्टमच्या फायलींनी बरीच जागा अडवली आहे, काढून टाकू का? कौमुदीने आठवडाभर घर घासलं होतं. माळे, पंखे, गराजसुद्धा. जळमटं ठेवून कुणी दसरा करतं का? तिने तेही 'हो' म्हणून टाकलं आणि हलक्या मनाने घरी गेली. मैत्रिणीकडे, दीप्तीकडे श्रीखंड होतं, सोनेरी कागदाची आपट्याची पानं होती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तिने पावलांच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. एक छोटी चौकट उघडली. हा प्रोग्रॅम या सिस्टमवर चालू शकत नाही. तिने पुन्हा मारली. पुन्हा तीच चौकट, तितक्याच सभ्यपणे.

त्या दिवशी इस्लाची पावलं कोरायची होती.

इस्ला जवळच्याच पॉइंट कुक भागात राहणारी, पाच वर्षांची. पुढच्या वर्षी शाळेत जाणार होती आणि येत्या गुरुवारी नव्या मुलांनी शाळा बघायला यायचं होतं. जुने स्प्लिंट तिला लहान झाले होते, घोट्याला घासून लाल चट्टा उठला होता. डॉक्टरांनी ते बंदच करायला सांगितले होते. स्प्लिंटशिवाय ती चार पावलं टाकून कलंडायची. म्हणजे मग ढकलगाडी. तिची आई हॅना फोनवर कौमुदीला म्हणाली होती, "तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय, मी दारातून चालत जाणार. आजोबांना, कुत्र्याला, पोस्टमनला." हॅना हसत होती, पण त्या हसण्याच्या खालचा आवाज कौमुदीला ऐकू आला. आपली लेक अनन्या उशिरा चालायला लागली होती तेव्हा आपणही असंच हसून सांगायचो, हे तिला आठवलं.

तिने यतिनला फोन लावला. दीप्तीचा नवरा, छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचा.

"अगं, घाबरतेस काय? मागे जाता येतं," यतिन म्हणाला. "काही दिवस जुनी सिस्टम आतच ठेवलेली असते."

"ती मी काढली."

"काढली म्हणजे?"

"साफ केली. दसरा होता ना."

"तू दसरा म्हणून डिस्क झाडलीस?"

"हसू नकोस हं."

"हसत नाहीये. आमच्या आईने दसऱ्याला टीव्हीचा खोका भंगारवाल्याला दिला होता. गॅरंटी कार्ड आतच."

तो जेवणाच्या सुट्टीत आला. आपण अजून जुन्याच सिस्टमवर आहोत, असं त्या प्रोग्रॅमला भासवायची एक सोय असते, ती करून बघितली. प्रोग्रॅम उघडला. राखाडी पडदा आला, त्यावर इस्लाचं डावं पाऊल आलं, अर्धं वळलं आणि धुक्यात शिरावं तसं नाहीसं झालं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. प्रोग्रॅम नव्याने बसवायचा तर परवान्याचा नंबर बंद पडलेल्या कंपनीकडून तपासून यायला हवा होता.

"फायली सगळ्या आहेत," यतिन म्हणाला. "वाचणारा कुणी नाही, एवढंच."

संध्याकाळी कौमुदी रॉसपुढे उभी राहिली. बोलायचं तिने मनात इंग्रजीत घोटून ठेवलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "मी दाबलं. आणि जुनंही मीच पुसलं. मला वाटलं, दिवस चांगला आहे."

रॉसने टक्कल खाजवलं. "दिवस चांगलाच होता. नवा प्रोग्रॅम कधीतरी घ्यायचाच होता, मीच चालढकल करत होतो. पण तो येऊन मशीनशी जुळेपर्यंत महिना तरी जाईल." मग तो हळूच म्हणाला, "इस्ला?"

कौमुदीने मान हलवली.

"दुसऱ्या वर्कशॉपना विचारतो," तो म्हणाला. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांकडे नाताळानंतरची तारीख होती.

शनिवार-रविवार तरंगत गेले. रविवारी इथल्या उन्हाळी वेळेसाठी घड्याळं तासभर पुढे गेली, तसा उजेडही अनोळखी झाला. कौमुदी पोळ्या लाटत होती आणि पोळीच्या कडेत तिला टाचेची कड दिसत होती. अनन्या ओट्याला टेकून उभी होती.

"ममा, डिड यू ब्रेक अ किड्स फूट?"

"पाय नाही गं. पायाची फाइल."

"सेम थिंग," अनन्या म्हणाली आणि गरम पोळी उचलून गेली.

हृषीकेश म्हणाला, "लहान आहे ती, मनावर घेऊ नकोस." पण कौमुदीला वाटलं, बरोबरच आहे तिचं. शाळेचं दार, ढकलगाडी, आणि गाडीशेजारून हसत चाललेली हॅना. ते चित्र पापण्यांच्या आत चिकटून बसलं होतं.

सोमवारी सकाळी ती पोचली तर रॉस कपाटाच्या तळातून कसलेसे पुडे काढत होता. प्लास्टरच्या पट्ट्या.

"मशीन यायच्या आधी आम्ही हेच करायचो," तो म्हणाला. "पायावर पट्टी गुंडाळायची, सुकली की कापून काढायची, आत प्लास्टर ओतलं की झालं पाऊल. हॅनाला फोन केलाय, येताहेत. फक्त माझा हा अंगठा आता दगा देतो. मी गुंडाळीन, धरायचं तू."

"मी?"

"मग कोण? तिच्या पायाला तुझ्याइतकं कुणी बघितलंय?"

बघितलं होतं. पण कौमुदीने आजवर एकाही मुलाच्या पायाला हात लावला नव्हता. मुलं पुढच्या खोलीत यायची, स्कॅन व्हायचा. तिच्याकडे यायची ती राखाडी, गार, वजन नसलेली पावलं.

इस्ला बाकावर बसली. नखांना हिरवं चमकीचं पॉलिश होतं. तळव्याला अंगठ्याच्या खाली एक तीळ होता. प्रोग्रॅममध्ये तीळ नव्हता. कौमुदीने पाऊल तळहातावर घेतलं. पक्षी धरल्यासारखं वाटत होतं.

"तुझे हात गार आहेत," इस्ला म्हणाली.

"तुझे पाय गरम आहेत."

"तळव्यावर दाब दे, वर," रॉस सांगत होता. "काटकोनात. बस्स, आता हलायचं नाही."

ओली पट्टी टाचेभोवती फिरली आणि इस्लाला गुदगुल्या झाल्या. ती खिदळली, पाऊल निसटलं, प्लास्टरला सुरकुती पडली. रॉसने ते सोलून बादलीत टाकलं. दुसऱ्या वेळी ती शिंकली. हॅना म्हणाली, "इस्ला, प्लीज," आणि खिडकीकडे तोंड वळवून उभी राहिली. कपाटातून निघालेल्या पट्ट्या संपत आल्या होत्या.

तिसऱ्या वेळी कौमुदी बोलू लागली. काय बोलावं हे तिने घोटून ठेवलं नव्हतं. "आमच्या गावी ना, एक देवी पाहुणी येते. गौरी म्हणतात तिला. ती यायच्या दिवशी माझी आई दारापासून आतपर्यंत पांढरी पावलं काढते. रांगोळीने."

"का?"

"तिला वाट कळावी म्हणून."

"ती हरवते?"

"दरवर्षी येते, पण आम्ही आपली काढतो. हरवली तर काय घ्या?"

इस्लाने विचार केला. पाऊल स्थिर होतं. "तिला स्प्लिंट आहेत?"

"आम्ही कधी विचारलं नाही."

"विचारायला हवं होतं," इस्ला गंभीरपणे म्हणाली. रॉस पट्टी गुंडाळता गुंडाळता मान खाली घालून हसला.

"स्वयंपाकघरात पण जाते ती?"

"सगळ्या घरात फिरते. धान्याच्या डब्यांपाशी, कपाटापाशी, जिथे जिथे पावलं काढलीत तिथे तिथे. आणि प्रत्येक ठिकाणी तिला विचारतात, इथे काय आहे?"

"आणि काय असतं?"

"सोन्याची पावलं. आम्ही म्हणतो तसं. नसतात, पण म्हणतो."

कौमुदीच्या बोटांखाली प्लास्टर हळूहळू ऊबदार होऊ लागलं. "ए, हे गरम होतंय!" इस्ला कुजबुजली. सुकताना ते असं तापतं, हे कौमुदीला माहीत नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. खोलीत बादलीतल्या पाण्याचा आणि बाहेरच्या वाऱ्याचा आवाज होता. टाच तिच्या तळहातात विसावली होती, आणि ती नीट बसली आहे की नाही हे कौमुदीला न बघताच कळत होतं.

उजवं पाऊल पहिल्याच फेरीत झालं.

मंगळवारभर रॉसने प्लास्टर ओतलं, घासलं, प्लास्टिक तापवून चढवलं. कौमुदी फोनवर होती. ज्यांची पावलं त्या न उघडणाऱ्या फायलींमध्ये अडकली होती, त्या एकेका घरी ती फोन करत होती. नवा प्रोग्रॅम आला की मुलाला पुन्हा आणावं लागेल, हो, चूक आमचीच, माझीच. काही जण चिडले. एक बाई म्हणाली, "सॉरी, काय म्हणालीस?" आणि कौमुदीने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

बुधवारी दुपारी इस्ला आली. डावा स्प्लिंट बसला. उजवा करंगळीपाशी रुतला. ती कळवळली आणि हॅनाचा चेहरा उतरला. रॉसने गरम हवेच्या बंदुकीने तेवढीच कड मऊ केली, आतून दाबून फुगवली, थंड होऊ दिली. पुन्हा घातला. थोडा वेळ ठेवून काढला, त्वचा बघितली. लाली नव्हती. वरून बूट चढवले.

इस्ला बाक धरून उभी राहिली. मग बाक सोडला. टाच टेकली, दुसरी टेकली. ती कुणाकडे न बघता दारापर्यंत गेली आणि दार ढकलून बाहेर पडली.

बाहेर वारा होता. गाड्या उभ्या करायच्या मोकळ्या जागेत ऊन पसरलं होतं. हॅनाने पुढे धावत जाऊन गाडीचं दार उघडलं. इस्ला तिथवर पोचली, उघड्या दाराला वळसा घातला आणि पुढे चालू लागली, कुंपणाच्या दिशेने, जिथून पुढे नुसतं गवत होतं.

"इस्ला! गाडी इकडे आहे!" हॅना ओरडली, रडत की हसत ते कळत नव्हतं.

वर्कशॉपच्या दारात उभ्या कौमुदीचा हात आपोआप वर गेला.

"अगं, हळू!" ती मराठीतच ओरडली. "पडशील, हळू!"