नावं ठेवल्याशिवाय उठायचं नाही

मिसळ चांगली झालीय असं कुणी म्हटलं, की अप्पांच्या कपाळाला आठी पडायची. हातातलं ओगराळं तसंच धरून ते त्या माणसाकडं रोखून बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं म्हणाय तू काय पावणा हायस? पावणं चांगलं म्हणत्यात. गिऱ्हाइकानं नावं ठेवायची." नवा माणूस गोरामोरा व्हायचा. आम्ही जुनी मंडळी ब्रेडचा स्लाइस कटात बुडवत गालातल्या गालात हसायचो. नावं ठेवल्याशिवाय उठायचं नाही, हा त्या हॉटेलचा नियमच होता.

शिवाजी पेठेत आमच्या तालमीच्या पुढच्या खोलीत ते हॉटेल होतं. नव्वदच्या दशकात गल्लीनंच ते मिळून उभं केलं. कुणी बाकडी दिली, कुणी ताटल्या, कुणी भट्टी बांधून दिली. भट्टीपाशी उभं राहायला कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका गावातून अप्पांना आणलं. ठेंगणा बांधा, गळ्यात लिंगाची डबी, ओठाखाली कायम तंबाखूचा बार. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, पण चिडले की कानडीवर यायचे. तेव्हा त्यांचे दोनच शब्द आम्हाला कळायचे, "खरे हेळ!" म्हणजे खरं सांग. बाकीचे शब्द कळत नव्हते तेच बरं होतं.

सकाळी भट्टीवरनं जर्मनचं पातेलं उतरलं, की अप्पा बाहेर येऊन सगळ्यांसमोर ओगराळ्यातला थेंबभर कट तळहातावर घ्यायचे. चाटायचे. डोळे मिटायचे. तोवर बाकड्यांवर सगळे गप्प. मग कधी मान हलायची, कधी ते मुकाट्यानं आत जाऊन पातेल्यात काहीतरी टाकून यायचे. घाई असलेल्या एखाद्यानं कुरकुर केली, की उत्तर ठरलेलं होतं, "हाटेल तुमचं, जीभ माझी. बसा जरा."

नावं ठेवण्यात बंडूचा हात धरणारा कुणी नव्हता. बंडू आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जुना गोलकीपर. बोटं मोडून वाकडी झालेली, आवाज मात्र शाबूत. "अप्पा, कटात काय रंकाळा वतलासा काय?" असं तो पहिल्या घासाला ओरडला, की अख्खं हॉटेल हसायचं, पण अप्पा हसायचे नाहीत. ते बंडूच्या समोर येऊन बसायचे, त्याच्याच ताटलीतला कट बोटानं चाखायचे आणि वाद घालायचे. कधी अप्पांचं खरं व्हायचं, कधी बंडूचं. बंडूचं खरं झालं, की त्या दिवशी अप्पा दिवसभर खुशीत असायचे. हे मला कधीच कळलं नव्हतं. माझे वडील गेले तेव्हा कळलं.

दिवसपाणी उरकून मी पहिल्यांदा हॉटेलात गेलो, तर जो तो पाठीवर हात ठेवून काहीतरी चांगलं बोलत होता. वडील कसे देवमाणूस होते वगैरे. माझे वडील चांगले तापट होते, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मला त्या गोड बोलण्याचा वीट आला होता. अप्पांनी ताटली समोर आदळली आणि म्हणाले, "काय कमी हाय सांग." मी म्हटलं, "मीठ." "व्हय, कमीच हाय," ते म्हणाले आणि मिठाची वाटी घेऊन आले. तेवढ्यानं मला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी खरं बोललं होतं. त्या दिवसापासून हा माणूस मला घरातला वाटायला लागला.

दोन हजार साल उलटून गेल्यावर अप्पांच्या जिभेच्या कडेला जखम झाली. तंबाखूनं आपलं काम केलं होतं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, थोडी जीभ काढली, मग किरणांचे शेक दिले. परत आले तेव्हा अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. आम्ही म्हटलं, आता आराम करा. त्यांनी ऐकलं नाही. भट्टी पेटली, पातेलं उतरलं, तळहातावर थेंब घेतला, डोळे मिटले, मान हलली. आम्हाला वाटलं, चला, जमलं.

पहिला घास घेतला आणि बंडूनं माझ्याकडं बघितलं. कट खारट होता, तोंडात धरवत नव्हता. तेवढ्यात अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकी, ताटल्या उचलायच्या निमित्तानं जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यास्नी कशाचीच चव लागत न्हाय. जिभंवर माती ठेवल्यागत हाय म्हणत्यात. तुमच्या पाया पडते, काय बोलू नगासा. ह्यावरच जगल्यात ते."

"कसं हाय?" अप्पांनी भट्टीपाशनं विचारलं. बंडू म्हणाला, "झ्याक हाय, अप्पा." त्याच्या मागोमाग सगळी बाकडी झ्याक म्हणाली. एखाद्या दिवशी खारट, एखाद्या दिवशी जाळ, एखाद्या दिवशी नुसतं गरम पाणी. आम्ही खात राहिलो. आता कुणी म्हणेल, खोटं का बोललात? म्हणू दे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला 'तुमची जीभ मेली' असं तोंडावर सांगून दाखवावं आणि मग आम्हाला शिकवावं. पण खरं सांगायचं, तर अप्पा रोज थोडे थोडे विझत होते आणि ते आम्हाला दिसत होतं. ते एकेकाच्या तोंडाकडं बघायचे. "मीठ?" "बरोबर." "तिखट?" "बरोबर." मग ते आत वळायचे. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, एवढी गोड बोलणारी माणसं त्यांनी कधी बघितली नव्हती.

एके सकाळी तालमीत मंडपाचे बांबू टाकायला उचगावचा एक टेंपोवाला आला आणि भुकेपोटी मिसळ खायला बसला. पहिला घास त्यानं ताटलीतच थुंकला. "ओ मालक, मीठ फुकट घावलंय काय तुमाला?"

बंडूनं त्याची कॉलर धरली. "गप ऊठ न्हाय तर दात पाडीन." आणखी दोघं उठले. टेंपोवाला बिचारा पायरीपर्यंत ढकलला गेला, तेवढ्यात अप्पा बाहेर आले.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "लई दिसांनी गिऱ्हाईक आलंय माझ्याकडं. तुम्ही समदी पावणी झालासा."

मग ते बंडूसमोर उभे राहिले. पूर्वी वाद घालायला बसायचे तिथंच. "खरे हेळ," ते म्हणाले. ओरडले नाहीत, साधं विचारलं. बंडूनं मान खाली घातली. मीही घातली. अप्पांनी दोन फडकी घेतली, पातेलं उचललं, रस्त्यापर्यंत नेलं आणि सगळा कट गटारीत ओतला. भट्टी विझवली. ते हॉटेल पुन्हा उघडलं नाही.

दुखणं नंतर घशात उतरलं. त्यांची खोली तालमीच्या मागंच होती, पण जायला आमचे पाय उचलत नव्हते. शेवटी एक दिवस काकींचाच निरोप आला, बंडूला बोलावलंय. मी सोबत गेलो. अप्पांचा आवाज गेला होता. काकी त्यांना भाताची पेज पाजत होत्या. अप्पांनी खुणेनं बंडूचा हात मागितला, त्या वाकड्या बोटांचा तळवा उघडला आणि काकींना त्यावर चमचाभर पेज घालायला लावली. मग भुवया उडवून विचारलं, कशी आहे?

बंडूनं चाटली. त्याचे डोळे भरून आले. "झ्याक हाय, अप्पा," तो म्हणाला.

अप्पांनी त्याचा हात सोडला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

दारापर्यंत काकी आमच्या मागं आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अळणी हुती रं ती. सकाळीच मला खुणंनं सांगितलं, मीठ घालू नगंस, बंडूला चाखाय द्यायचीय. त्यास्नी बघायचं हुतं." बंडू तसाच आत पळाला. पण अप्पांचा डोळा लागला होता आणि काकींनी उठवू दिलं नाही. त्या झोपेतनं अप्पा नीट जागे झालेच नाहीत.

लिंगायत माणसाला बसवून पुरतात. खड्ड्यात विभूती, बेलाची पानं आणि मीठ घालतात. एकेक माणूस पुढं होऊन मूठ सोडत होता आणि हात जोडून मागं सरत होता. बंडूची पाळी आली. मुठीत मीठ घेऊन तो काठावर उभा राहिला. मग पहिल्या घासाला ओरडायचा तसा, सगळ्या गर्दीत, गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "अळणी हुती, अप्पा! पार अळणी हुती!"

या वेळी बोलणाऱ्याला कुणी गप्प केलं नाही.