बापाला नववा ठेवणारी

राजेश्वरीला एखादी गोष्ट माहीत नसेल तर ती सरळ "माहीत नाही" म्हणते. आमच्या मावळात हा गुण दुर्मिळ आहे. इथं कुणालाही रस्ता विचारा. ठाऊक नसला तरी तो सांगणार, दोन्ही हात हलवून सांगणार आणि वर "चा घिऊन जावा" म्हणणार. माहीत नाही म्हटलं तर पाहुण्याचा अपमान होतो, अशी आमची समजूत. त्यामुळं पाहुणा चहा पितो आणि भलत्याच गावाला जातो.

मी सुमय्या. राजेश्वरीची शाळेपासूनची मैत्रीण आणि 'कुटंय' या कंपनीतली तिची अर्धी भागीदार. कॉम्प्युटर माझ्याकडं, माणसं तिच्याकडं. 'कुटंय'चं काम सोपं आहे. फोनवर विचारायचं, लिहून नाहीतर बोलून: हिरीवरची मोटार जळलीय, कोण येतंय का? आत्ता उघडा टायरवाला कुठं आहे? उत्तरात नावं येतात, सगळ्यांत कामाचं नाव सगळ्यांत वर. लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत लोक आज आम्हाला विचारतात. पेपरात फोटो आला तेव्हा खाली 'इंटरनेट शोध कंपनीच्या संस्थापक' असं छापलं होतं. राजेश्वरीच्या आईनं, सरूबाईंनी, तो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला. त्यात मी अर्धीच दिसते, पण ते असो.

सुरुवात झाली ती एका रिसॉर्टच्या काउंटरवर. बी.कॉम. झाल्यावर राजेश्वरी तिथं रिसेप्शनला लागली. पाहुणे खोलीबद्दल कमी आणि बाकीचंच जास्त विचारायचे. कुणाची गाडी चिखलात रुतलेली, कुणाच्या बाळाला गाईचं दूध हवं, कुणाला चुलीवरची भाकरी. इंटरनेटला चिक्कीची दुकानं आणि धबधबे तोंडपाठ होते, पण गाडी ओढायला ट्रॅक्टर कुणाचा मिळेल ते त्याला ठाऊक नव्हतं. राजेश्वरी फोन फिरवून माणूस मिळवून द्यायची. हळूहळू शेजारच्या हॉटेलांतून तिला फोन येऊ लागले, मग गावातूनही. शेवटी मॅनेजर वैतागला. "मॅडम, तुम्ही नोकरी आमची करता की तालुक्याची?" तिनं थोडा विचार केला, "तालुक्याची" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला.

मी तेव्हा पुण्यात सॉफ्टवेअर लिहीत होते आणि ज्या साहेबांसाठी लिहीत होते त्यांना माझं नाव धड उच्चारता येत नव्हतं. राजेश्वरीनं हाक मारल्यावर मी फारसा आग्रह करून घेतला नाही.

ऑफिससाठी जागा दिली तिच्या वडिलांनी. मारुतीभाऊंची कुसगावात जुन्या हायवेला खानावळ आहे, तिच्यावरची खोली. खाली फोडणी पडली की वर आम्ही खोकत बसायचो. ठेचा कुटायच्या दिवशी तर डोळे मिटूनच टायपिंग. पण मारुतीभाऊंनी ती खोली स्वतः झाडून, चुना लावून दिली होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वर बोट दाखवून सांगायचे, "पोरीची कंपनी हाय."

दुकानदार, गवंडी, वायरमन, गुरांचे डॉक्टर, सगळ्यांची नावं गोळा करणं सोपं गेलं. खरं भांडण होतं ते वर कुणाला ठेवायचं याचं. पहिल्यांदा आम्ही बाराखडीप्रमाणं लावलं. महिन्याभरात तालुक्यात नामांतराची साथ आली. अअ गॅरेज, अअअ मंडप डेकोरेशन. आंबीच्या एका वेल्डरनं तर दुकानाचं नाव नुसतं 'अ' ठेवलं आणि पाटीचा खर्च वाचला म्हणून खूश झाला. मग आम्ही जो जवळ तो वर असं केलं, तर सगळ्यांनी आपापला पत्ता एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी टाकला. नकाशावर तिथं अख्खी बाजारपेठ उभी राहिली. प्रत्यक्षात तिथं एक खांब आहे.

तिसरी चूक मात्र फक्त आम्हीच करू जाणे. राजेश्वरी म्हणाली, लोक जत्रेत जो क्रम मान्य करतात तोच लावू. पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, त्यावरून कधी तंटा होत नाही. मला हे गणित पटलं नव्हतं. आमच्या घराण्याला उरुसातसुद्धा पहिला मान नाही, मग जत्रेत कुठला! पण तिचा उत्साह बघून मी तसं लिहून दिलं. टाकवे बुद्रुकला एकाची गाय विताना अडली. त्यानं फोनवर विचारलं, तर पहिलं नाव आलं माजी सरपंचांचं. मान मिळाला म्हणून सरपंच गेलेही. फेटा बांधून गेले, गाईकडं बघितलं आणि चहा घेऊन परत आले. गाय बिचारी आपली आपण सुटली.

त्या दिवशी राजेश्वरी खिडकीत बसून बराच वेळ नखं खात होती. मग म्हणाली, "सुमे, काउंटरवर असताना माझं उत्तर चुकलं हे मला कधी कळायचं माहितीय? तोच पाहुणा तेच विचारत परत आला की. बरोबर असलं तर परत कशाला येतोय?"

तिथंच आमची कंपनी खऱ्या अर्थानं सुरू झाली. उत्तर मिळाल्यावर माणसानं तेच पुन्हा विचारलं तर ते नाव एक पायरी खाली, नाही विचारलं तर एक पायरी वर. नाव, घराणं, पत्ता काही बघायचं नाही. आणि वरची जागा कुणाला विकायची नाही, कुणाच्या सांगण्यावरून द्यायची नाही, असं तिनं भिंतीवर खडूनं लिहिलं. माणसांना हवं ते मिळायला लागलं आणि विचारणारे भराभर वाढले.

एवढ्यात तिच्या मावसबहिणीचा, प्रेरणाचा साखरपुडा आला. मांडवात मारुतीभाऊ लेकीचं कौतुक सांगत होते. कुणीतरी पाव्हणा म्हणाला, बघू तरी, आणि त्यानं फोन तोंडाशी धरून विचारलं, "कुसगावात जेवायला कुटं चांगलं?" फोनमधली बाई मोठ्या आवाजात वाचू लागली. पहिलं नाव, नसीर बिर्याणी हाउस. म्हणजे माझे अब्बा. रस्त्यापलीकडचे. मारुतीभाऊ हसले. दुसरं नाव झालं, तिसरं झालं. पाचव्याला त्यांचं हसू गेलं. सातव्याला मांडवातली कुजबुज थांबली. नवव्याला बाई म्हणाली, "मारुती खानावळ."

पाव्हण्यानं घाईनं फोन बंद केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मारुतीभाऊंनी राजेश्वरीशी बोलणं टाकलं. एका घरात राहून सगळे निरोप सरूबाईंमार्फत. "तुज्या लेकीला सांग, पंखा बंद कर म्हनावं." राजेश्वरी समोरच उभी असायची. सरूबाई आधी तिला सांगायच्या, मग तिचं उत्तर नवऱ्याला सांगायच्या, आणि मधल्या मधे दोघांनाही दोन शब्द आपल्या पदरचे ऐकवायच्या. गावात वेगळंच सुरू झालं. कॉम्प्युटर कोण चालवतं? नसीरची पोरगी. मग नसीर वर येणार नाहीतर कोण! हे माझ्या कानावर आलं तेव्हा मला फार लागलं. लहानपणी मी त्याच खानावळीत मारुतीभाऊंच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन गृहपाठ करायचे. मी राजेश्वरीला म्हटलं, "अगं, घे ना त्यांना वर. एकच तर नाव आहे. कुणाला कळणार आहे?"

"तुला कळंल, मला कळंल," ती म्हणाली. "उद्या दुसरा कुणी आला तर त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

तिचे डोळे भरले होते. बाप बोलत नाही याचं तिला दुःख नव्हतं असं कुणी समजू नये. ती रोज जिना उतरताना भटारखान्याच्या दारात क्षणभर थांबायची, आणि मारुतीभाऊ रोज त्याच वेळी पातेल्यात तोंड घालायचे.

पण खानावळ नववी का, हे आम्हालाही कळत नव्हतं. मारुतीभाऊंच्या हाताला चव आहे, ते अब्बासुद्धा कबूल करतात. एका रविवारी दुपारी स्क्रीनवर सारखा एकच प्रश्न येऊ लागला: जवळ जेवायला कुठं मिळेल? आणि विचारणारा होता थेट आमच्या पायाखाली. मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली टेबलाशी मुंबईचं एक कुटुंब बसलं होतं. बाप टेबलाखाली फोन धरून चोरून विचारत होता आणि मारुतीभाऊ खांद्यावर टॉवेल टाकून त्याच्याशी गप्पा मारत होते. गाव कुठलं, आजोळ कुठलं, आजोळकडचे ते अमुक तुमचे कोण, मुलगी कितवीला, तिला गणित का आवडत नाही. मुलगी टेबलावरचं मीठ चाखत होती. भाकरी अजून थापायची होती.

मी हसून हसून खाली बसले. राजेश्वरी हसली नाही. "आता हे आबांना सांगायचं कुणी?" म्हणाली.

सांगायचं तिलाच होतं. दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या वेळी गिऱ्हाइकासारखी खाली जाऊन टेबलाशी बसली. मी सोबत होते, आधाराला आणि अर्थात जेवायला. मारुतीभाऊ आले. लेक बसलेली बघून त्यांचं तोंड उघडलं आणि अबोला आठवून परत मिटलं. ते तसेच आत गेले आणि बघता बघता ताट घेऊन बाहेर आले. वांग्याचं भरीत, इंद्रायणीचा वाफाळता भात, फुगलेली भाकरी. ताट आपटून ठेवलं, पण ठेवलं.

राजेश्वरीनं घास घेतला आणि म्हणाली, "आबा, या खानावळीत एवढ्या लवकर आन् एवढं गरम ताट मला आजवर मिळालं न्हाई. का म्हायतीय? तुमी माज्याशी बोलत न्हाई म्हनून."

मग तिनं सगळं सांगितलं. मुंबईचं कुटुंब, टेबलाखालचा फोन, मीठ चाटणारी पोरगी. मारुतीभाऊ टॉवेलाचं टोक पिळत ऐकत राहिले. पलीकडं दोन ट्रकवाले आपल्या रिकाम्या टेबलाकडं बघत बसले होते, त्यांच्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले.

"मंग काय, येईल त्या गिऱ्हाइकाशी भांडून बसू व्हय?"

सरूबाई भटारखान्यातून ओरडल्या, "बोलले! सुमे, बोलले बघ!" आणि राजेश्वरी तोंडात घास असताना रडू लागली. मारुतीभाऊंनी तिला पाण्याचा तांब्या पुढं केला आणि लगबगीनं ट्रकवाल्यांची ताटं आणायला गेले.

तेव्हापासून खानावळीत आधी ताट, मग आजोळ. जेवून सुस्तावलेला माणूस गप्पांना कधी नाही म्हणत नाही, हा शोध त्यांना साठीत लागला. दुसरीकडं एक भलतीच गोष्ट झाली. साखरपुड्याची हकिकत तालुकाभर पसरली होतीच. जिनं सख्ख्या बापाला नववा ठेवला ती आपल्याशी काय लबाडी करणार, असं लोक म्हणू लागले. टाकव्याचे, आंबीचे, तळेगावचे दुकानदार आपण होऊन नाव घालायला आले. खालच्या नंबरावरून कुणी भांडायला आला की मारुतीभाऊ त्याला जिन्यातच अडवायचे. "तू कितवा? सव्विसावा? आरं, मी बाप हाय, मला नववा ठिवलाय. बस हितं, आदी जेव." जेवून तो माणूस वर यायचाच नाही. आमचं तक्रारींचं खातं बापानं बिनपगारी सांभाळलं, आणि आम्ही मात्र वर दोन नवी माणसं ठेवली.

गेल्या महिन्यात मारुतीभाऊ धापा टाकत जिना चढून वर आले. हातात फोन होता.

"ह्ये काय केलंस? मला तिसरा केलास?"

"मी न्हाई केला आबा, लोकांनी केला. तुमच्याकडं जेवल्यावर आता कुनी परत इचारत न्हाई."

"तिसऱ्याला कोन इचारतंय? तिसरा कुनीबी असतो! जिन्यात उभं राहून आता लोकान्ला काय सांगू मी? मला परत नववा कर."

मी राजेश्वरीकडं बघितलं. तिनं खुर्ची वळवली. "आबा, सांगून नंबर बदलत न्हाई. तवा बदलला न्हाई, आता बदलू?"

मारुतीभाऊ पाठ फिरवून चालू लागले. मला वाटलं, झालं, पुन्हा अबोला. पण ते गॅलरीत गेले, कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि खाली जेवायला बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "सरू, आजूनबी ऐकत न्हाई गं! बापाचंसुदिक ऐकत न्हाई!"