खुरपं चालतं, तोंडबी चालतं

खुरपणीत हात गुंततात, तोंड मोकळंच ऱ्हातं. म्हणून खुरपणाऱ्या बायांकडं किस्से कधी कमी पडत नायत. पडेगावला गायके सरांच्या भाजीच्या मळ्यात आम्ही तिघी जातो. मी, माझी जाऊ मंगल आन म्हाताऱ्या काशीआत्या. सर शहरात कॉलेजात शिकवतात, सुट्टीला मळ्यात येतात.

*

एकदा आत्या मांडवातून पळालेल्या नवरदेवाची गोष्ट सांगत होत्या. गोष्ट अशी रंगली, की त्यांनी गवत तसंच ठेवलं आन वाफाभर कोथिंबीर उपटली. मंगल रडकुंडीला आली, आता सर कामावरून काढतील म्हणून. आत्या शांत. "कोथिंबीर परत लावता येते. गोष्ट मधीच तुटली की जुळत नाय."

*

मग सरांनी टोमॅटोला मल्चिंग केलं. वाफ्यावर प्लास्टिकचा कागद, भोकात रोप, गवत उगवणारच नाय म्हणे. गवत नाय तर आम्ही कशाला? पण गवतानंबी भोक शोधलंच. रोपाला चिकटून आलं, ते हातानंच काढावं लागतं. सरांनी परत बोलावलं. मंगल भोळेपणानं म्हणाली, "सर, पुढच्या टायमाला भोकं जरा मोठी पाडा."

*

उन्हाळ्यात खारी पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या कुरतडायला लागल्या. सरांनी खारींना प्यायला जागोजागी पाण्याचे मातीचे परळ ठेवले, ते भरायचं काम आत्यांना दिलं. खारी थांबल्या, नळ्या मात्र फुटतच राहिल्या. सरांनी पाळत ठेवली, तर आत्या विळ्यानं नळी कापून परळ भरत होत्या. म्हणाल्या, "विहिरीपतूर कोण जाईल? आन खारीपेक्षा मी नीट कापते."

*

पुढं मोटरला मोबाइलचा स्टार्टर आला. पेटीत सिम असतं. त्या नंबरवर कुणीबी फोन केला की मोटर सुरू होते आन फोनवर आवाज येतो, मोटर चालू आहे.

एका दुपारी आम्ही कांद्याच्या वाफ्यात जेवायला भाकरी सोडली आन तुषारचे फवारे सुरू. भाकरी भिजली, कालवण पातळ झालं. दुसऱ्या दिवशीबी तेच. सर शपथेवर म्हणाले, मी वर्गात होतो, फोनला हात लावला नाय. आत्यांना ते भूतच वाटलं. त्या कामावर यायला तयार होईनात.

रविवारी कुणाचा फोन येतो ते बघायला सरांनी ते सिम आपल्या मोबाइलात घातलं आन आमच्यासंगं बसले. जेवायच्या वेळी फोन वाजला. त्यांनी स्पीकरवर टाकला. बोलण्यावरून अजिंठ्याकडची कुणी म्हातारी वाटली. सरांनी विचारलं, कोण पाहिजे?

"जावयाला लावलाय. तुम्ही त्यांचे सालगडी का?"

सर "राँग नंबर" म्हणायच्या आतच म्हातारी पुढं बोलली.

"ऱ्हाऊ द्या, बोलवू नका त्यांला. लई कष्टाळू हाय माझा जावई. जेवायच्या टायमालाबी फोन लावा, मोटर चालूच असते."